छाट

नळाला पाचव्या दिवशी पाणी.
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला,
कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला,
असं सगळं परत परत वापरत
विडी घरकुलातला मे काढतो आम्ही.
म्हणून मला ते लगेच पटलं,
सिव्हिलच्या लॅबमध्ये, रात्रपाळीला,
हत्तुरे डॉक्टरांनी रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर
पेशी काढून दाखवली तेव्हा.

रक्तवाहिनीच्या भिंतीतली पेशी
सारखं घोट घोट रक्त पिते, म्हणाले,
त्यातलं नुसतं पाणी, चव न बघता.
आत गेलेलं सगळं एका पिशवीत.
पिशवी हळूहळू आंबट होत जाते
आणि पुढे भट्टी.
तिथे पोचलेलं प्रथिन सुटं सुटं होऊन संपतं.
पण वाटेत, त्या आंबटातच
एक मूठ वळते.
प्रतिपिंडाची शेपटी धरते, काठाला ओढून आणते.
बाहेर रक्ताला आंबटपणा नाही,
मूठ आपोआप सुटते.
जा. वाहा पुन्हा.
बाकीची प्रथिनं दोन-चार दिवसांत विरतात,
हे तीन आठवड्यांनीही निम्मं उरतं.

मी विचारलं, ती मूठ बघते काय?
फक्त शेपटी.
पुढचे दोन हात कुणाचा गळा धरायला निघालेत
ते नाही बघत.

वरलक्ष्मी, माझ्या मल्लेशमची बायको.
चार वाजेपर्यंत हजार विड्या, तोंडं कशी एकसारखी.
कारखान्यात चेकर चिमटीत धरून दाबतो,
सैल ती बाजूला. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही मिळत नाही.
दिवाळीपासून तिची छाट वाढली.
सकाळच्या विड्या ताठ, दुपारच्या ढिल्या.
दिवस मावळायच्या आत पापण्या मावळायच्या.
चेकर म्हणाला, झोपा काढते.
अम्मा म्हणाली, पोटात आहे, होतं असं.

नमुना मीच काढला, पुण्याला पाठवला.
आकडा आला तो दोनदा वाचला.
तिच्याच अंगात बनलेलं काहीतरी
तिच्याच स्नायूंच्या दारात आडवं बसलं होतं,
मेंदूचा निरोप आत जाऊ देत नव्हतं.
आणि तिची एकेक पेशी त्याला
भट्टीच्या तोंडातून ओढून काढत होती,
किती मन लावून,
आणि पुन्हा रक्तात सोडत होती.

तिथे एक चेकर पाहिजे होता.
आयुष्यात पहिल्यांदा मला चेकर पाहिजे होता.

ती मूठच भरून टाकणारी सुई आहे एक.
मग भलं-बुरं दोन्ही भट्टीत.
शिवाय ती गरोदरपणी देता येईल का, माहीत नाही.
किंमत ऐकून मल्लेशम बाकावर बसला.
डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवू.

वारेतही तीच मूठ असते, हे मला नंतर कळलं.
गोवर, धनुर्वात, आईच्या रक्ताला जे जे ठाऊक
ते सगळं ती पलीकडे पोचवते, जन्माआधी.
आणि त्यातच हेही.

मुलगी झाली.
दूध ओढेना. मान ठरेना, ओठ मिटेनात.
रडायला तोंड उघडायची
आणि भिजवलेल्या पानासारखी, आवाजच नाही.
नाकातून नळी.
काचेपलीकडे वरलक्ष्मी, बोटांनी एक पापणी वर धरून.

डॉक्टर म्हणाले, पोरीचं अंग हे बनवत नाही,
नुसतं जपतंय.
जपून जपून किती जपेल?

सव्विसाव्या दिवशी मल्लेशमचा फोन.
तो काही बोललाच नाही, फोन तिच्या तोंडाशी धरला.
सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत ऐकत होते.
काय ती बोंब!
अख्ख्या वॉर्डाला शिव्या दिल्यासारखी.

मग आठवलं, गोवरचंही निम्मं गेलं असणार त्याबरोबर.
लसीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्या, लाल पेनाने.

वरलक्ष्मी आता पहाटे चारला सूप घेऊन बसते,
पापण्या उघड्या आहेत तोवर.
काल सहाशे चाळीस.
छाट एकतीस.